उजवीकडे झुकलेला आवाज

"ताई, मी उजवीकडे का उभी आहे?"

तोमिरिसनं तोंडातला सामसा गिळला, बोटं पँटला पुसली आणि पुन्हा म्हणाली, "म्हणजे माझा आवाज हो. मी तर मधोमध उभी राहून गायले होते. आता ऐकलं तर कुणीतरी दंडाला धरून मला सरकवल्यासारखं वाटतंय. आणि बासही तिकडेच, भिंतीला टेकून बसल्यासारखा." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, तक्रारीला उत्तर देता येतं. गिटार बुडाली, ढोल बारीक झाला, हे आमचं गाणंच नव्हे, असलं गाणी टेप करणाऱ्या राउशाननं आजवर पुष्कळ ऐकून घेतलं होतं, आणि सगळ्यांना तिचं एकच उत्तर असायचं: जे वाजवलंत तेच टेपवर आहे, मी काही घातलं नाही, काही काढलं नाही. पण या पोरीनं नुसतं विचारलं होतं, एखाद्यानं रस्ता विचारावा तसं. "कुठं ऐकलंस?" राउशाननं विचारलं. "बाबांच्या गाडीत. मग आजोबांच्या रेडिओग्रामवर. मग मैत्रिणीकडे. सगळीकडे तशीच." "तुझ्या बाबांच्या गाडीतला डावा स्पीकर शाबूत आहे का?" तोमिरिस हसली. "गाडीचं काही शाबूत नाही हो ताई. पण आजोबा कान देऊन ऐकतात. म्हणाले, पोरी, तुझ्या डाव्या हाताला भूत उभं होतं काय, घाबरून सरकलीस ती?" राउशानही हसली. आणि हसता हसता तिनं गेनाकडे बघितलं.

गेना पाक झांजा पुसत बसला होता. राउशानच्या बँडचा ढोलवाला, या तळघरातल्या स्टुडिओचा अर्धा भागीदार, आणि तिच्या लग्नापेक्षाही जुना माणूस. त्यानं वर बघितलं नाही. एवढ्या भुताच्या गोष्टीवर एरवी त्यानं दोन भुतं आपल्या पदरची घातली असती. आज तो फडक्यानं तीच झांज तिथंच घासत राहिला, आणि त्याचं ते वर न बघणं राउशानच्या मनात जाऊन बसलं. तिच्या लेकराच्या, तोक्तारच्या, वेळचं बाळंतपण अवघड गेलं, तेव्हा सगळा उन्हाळा आणि अर्धा हिवाळा स्टुडिओ यानंच सांभाळला होता. तेवढ्यात त्यानं काय काय केलं असेल? भिंतीवरचं जुनं लोकरी नमदं काढून नवं लावलं होतं, एवढं त्यानं सांगितलं होतं. स्पीकर हलवले होते, हे सांगितलं नव्हतं. ते तिला जमिनीवरच्या धुळीच्या चौकोनावरून कळलं. हेडफोन नवे आणले होते आणि ते सगळे मेले मंद होते, आवाज वाढवावा तेव्हा कुठं बोलायचे. तोमिरिस आणि तिच्या बँडची पोरं गेल्यावर राउशाननं विचारलं, "गेना, उजव्या स्पीकरला काही केलंयस तू?" "आंघोळ घातली." "मस्करी नको. उजवा कमी वाजतोय. कधीपासून कमी वाजतोय." आता त्यानं वर बघितलं. "कमी?" तो म्हणाला. "मला तर जास्त वाटतोय. मी म्हटलं, बाईसाहेबांनी मुद्दाम केलं असेल. नवीन शैली." "मग बोलला का नाहीस?" "तुला? आवाजाबद्दल? त्यापेक्षा कुणी डोंगराला सांगेल की तू जरा डावीकडे सरक."

ती चढाच्या रस्त्यानं घरी निघाली. अल्मातीत वर म्हणजे डोंगर आणि खाली म्हणजे गवताळ माळ. आंधळाही पावलांवरून दिशा सांगतो. मार्चचा बर्फ कडेच्या पाटांत काळा होऊन वितळत होता. ट्रॉलीबसमध्ये दाटी होती, मोटार घोंघावत होती, दारं खडखडत होती, आणि या सगळ्यात तिला मागच्या बाकावरच्या दोन बायकांचं भांडण शब्द न् शब्द ऐकू येत होतं: एकीनं दुसरीच्या बटाट्यांना कोंब आलेले म्हटलं होतं, दुसरी म्हणत होती तुझ्या जिभेला आलेत. राउशानला बरं वाटलं. कान आहेत जागेवर. हे कान म्हणजे तिची सगळी कमाई. नव्वदच्या दशकात शहरातली वीज जायची तेव्हा शाळकरी राउशान अंधारात बसून इमारत ऐकायची, कुणाच्या नळाला पाणी आलं, कोण दारू पिऊन कितव्या मजल्यावर थांबला, शेजारची वेरा पेत्रोव्ना रडते की हसते. बाप म्हणायचा, आपल्याकडे दिवे नाहीत पण पोरीचे कान आहेत. पुढं कुऱ्हाडीएवढी जड सोव्हिएत गिटार, बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या क्लबाखालचं हे तळघर, ओल आली की जिथं अजून सरसाचा आणि कातड्याचा वास सुटतो, रेडिओनं भंगारात काढलेलं टेपयंत्र, खाणकामगारांच्या गावांतून केलेले कार्यक्रम, जिथं पहिल्या रांगेतले म्हातारे कानांत बोटं घालून, पण उठून न जाता, शेवटपर्यंत बसायचे. मोठ्या कंपन्यांच्या दाराशी ती कधी गेली नाही. बिश्केकहून, ताश्कंदहून, पार सायबेरियातून पोरं पाठीवर वाद्यं मारून यायची ती एवढ्याचसाठी, की राउशान आवाजाला रंग लावत नाही. दोन माईकमधलं हातभर अंतर ती कान लावून ठरवायची. आणि तिचा एक नियम सगळ्यांना माहीत होता: वाजवणं थांबलं की ती यंत्रावरच्या, माईकचा आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या खाली ओढते. दमलेली माणसं काचेपलीकडं काय बोलतात, कुणाला शिव्या देतात, कोण कुणाचा हात धरतं, ते ती ऐकत नाही. चोरून ऐकणारा कान लवकर नासतो, असं ती म्हणायची.

ट्रॉलीबसमधून उतरल्यावर ते पुन्हा झालं. गल्लीतली शांतता लागली आणि माणसांनी आवाज उतरवले. खालच्या बाकावर बसलेल्या बायका तोंडं हलवत होत्या आणि ती जवळून गेली तरी काही आलं नाही, नुसती कुजबुज, जशी फुंकर. हे अलीकडचं होतं. गोंगाटात लोक तिच्याशी नीट बोलायचे. शांतता झाली की आवाज चोरायचे. आधी वाटलं, बाळंतिणीचा थकवा. मग वाटलं, माणसं बदललीत. आता घराच्या दाराशी चावी काढताना तिला वाटलं की काहीतरी ठरतंय, तिच्यामागं, तिला वगळून, आणि आख्खी इमारत त्यात सामील आहे. दार उघडलं तर सासू, काम्शात आपा, स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. तिला पाहून आपानं पाठ फिरवली. ओठ हलत होते. एवढंच कळलं: "...नउरीजला... घेऊन..."

नउरीज, नव्या वर्षाचा सण, आठवड्यावर आला होता. आपा सणाला गावी जाणार, हे दरवर्षीचंच. पण काय घेऊन?

तोक्तार लाकडी पाळण्यात रीतीप्रमाणे पट्ट्यांनी बांधलेला, डोळे टक्क उघडे, आईला बघून त्याचं सगळं तोंड हललं. तिनं पट्ट्या सोडल्या, त्याला छातीशी घेतलं, त्याच्या मानेच्या वळीतला आंबूस दुधाचा वास घेतला, आणि मग मागून आपाचा आवाज आला, जरा मोठ्यानं, जसं दुसऱ्यांदा बोलावं तसा: "म्हटलं, चहा टाकू का? तीनदा विचारलं." "एकदा विचारलंत आपा." "बरं, एकदा," आपा म्हणाली, आणि हेच राउशानला खुपलं, हे ताबडतोब मान्य करणं. चहात दूध घालता घालता आपा म्हणाली, "काल दुपारी फार रडला हो हा. घसा सुकेपर्यंत. तू झोपली होतीस." "मी इथंच होते. त्याच्याकडे तोंड करून झोपले होते. रडला असता तर मला ऐकू आलं नसतं?" आपानं तिच्याकडे बघितलं. बघितलं आणि वाटीतले बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, तिच्यापुढं सरकवले. "खा. अंगावर पाजतेस."

घसा सुकेपर्यंत. ही साक्ष जमवली जात होती, हे राउशानला कळत होतं. आज एक वाक्य, उद्या दुसरं. मग गावची आपाची मोठी जाऊ येईल, म्हातारे चुलत सासरे येतील, जेवणाचं दस्तरखान पसरेल, मटणाचं ताट मधे येईल आणि कुणीतरी दाढीवरून हात फिरवत म्हणेल, सुनेला काम आहे, सून गाण्यांच्या मागं असते, तिच्या कानांत ढोल असतात, लेकराचं रडणं नाही. पहिलं नातवंड आजीनं आपल्या पोटाशी घ्यावं ही तर वाडवडिलांची रीत. आणि रीतच होती. यात कुणी कुणावर रागावत नाही, कुणी हिसकावून नेत नाही. पहिलं पोर आजी-आजोबा मागतात, आणि सून देते, आणि सगळे आशीर्वादाला हात पसरतात. दाउरेन स्वतः तसाच वाढला होता. तेलाच्या खाणीवर पाळीनं जाणारा तिचा नवरा, ज्याचा फोन वाऱ्यातून येतो तसा तुटत यायचा, तो आजी मरेपर्यंत आजीला आई म्हणत होता आणि काम्शात आपाला वहिनी. "वहिनी, भूक लागली," असं म्हणायचो मी आईला, त्यानं लग्नाआधी तिला हसत सांगितलं होतं. राउशानही हसली होती. आता तो शब्द आठवला की ती लेकराला उचलून घ्यायची. तोक्तार बोलायला लागेल आणि दारातून तिला बघून म्हणेल, वहिनी आली. ज्या बाईचं स्वतःचं पहिलं पोर असं नेलं, ती बाई दुसरीचं नेणार नाही? की तीच नेईल? माणसाला जे झालेलं असतं तेच त्याला करता येतं. राउशान स्वतः तरी काय, ज्या आवाजांत वाढली तेच आयुष्यभर टेपवर उतरवत बसली.

आणि दाउरेनला फोनवर काय सांगणार? "आई असं करेल?" तो म्हणाला असता. मग वारा. मग, "आणि केलं तरी राउशान, वर्षभराची तर गोष्ट." हे तो म्हणाला नव्हता. तिनं विचारलंच नव्हतं. पण तिच्या डोक्यात तो रोज हे म्हणत होता.

आणखी एक होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी ती पाळण्याकडं तोंड करून, डाव्या कुशीवर झोपायची, एक हात पाळण्याच्या कठड्यावर. डोळे मिटताना शेवटचं दिसायचं ते तोक्तारचा कान आणि गाल. आणि जाग यायची तेव्हा कित्येकदा तिची पाठ असायची त्याच्याकडं. भिंतीकडं तोंड, हात छातीशी दुमडलेला. झोपेत आपण आपल्या लेकराला पाठ दाखवतो, हे तिला जागेपणी सोसत नव्हतं. म्हणजे आतून आपण तशाच आहोत का, जसं ते म्हणतील? ती पुन्हा वळायची, त्याच्या मुठीला बोट द्यायची, आणि मूठ बोटावर मिटली की घटकाभर सगळे संशय फिटायचे. मग स्वयंपाकघरात आपाचे ओठ हलायचे.

म्हणून तिनं माईक लावला.

साधा, बोटभर, छोट्या रेकॉर्डरचा. पाळण्यामागच्या फळीवर, पुस्तकं आणि औषधाच्या बाटल्या यांच्या मधे. लावताना तिचे हात, जे माईक लावताना कधी चुकले नव्हते, ते चोरासारखे झाले. दुपारी झोपण्याआधी बटण दाबायचं, उठल्यावर बंद करायचं. रडलाच नाही हे टेपवर असेल. शांतताही टेपवर येते. खोलीची शांतता, घड्याळाची, हीटरच्या नळीची. ती पुरावा म्हणून चालते. म्हाताऱ्यांनी ताट मधे घेऊन तोंड उघडलं की ती टेप ऐकवेल, ऐका, कुठं आहे रडणं? हे मनाशी म्हणताना तिला आपल्याच नियमाची आठवण झाली, आणि तिनं ती झटकली, जशी बाळाच्या अंगावरची माशी. पट्टी खाली ओढणं परक्यांसाठी असतं.

त्या दुपारी ती झोपली आणि झोपेतून तिला तोक्तारचा आवाज आला, बारीक कुरकुर, अगदी सुरुवातीची, रडण्याच्या आधीची. ती उठली. पाठ त्याच्याकडं होती, पुन्हा; पण उठली ती आपली आपण, कुणी न हलवता. त्याला उचलून, पाजत पाजतच ती स्वयंपाकघरात गेली. आपा खिडकीशी बसून दह्याच्या सुक्या गोळ्या निवडत होती. "बघा," राउशान म्हणाली, आणि आपला आवाज जिंकल्यासारखा येतोय हे कळूनही थांबली नाही, "नुसता कुरकुरला, तरी मला जाग आली." "आली ना," आपा म्हणाली. "आईला येतेच." तिनं तोक्तारच्या तळव्याला बोट लावलं आणि पुटपुटली, "आयनालायन," म्हणजे तुझ्याभोवती फिरून तुझी इडापिडा मी घेते, पण राउशानला दिसले ते फक्त ओठ. "काय म्हणालात?" "काही नाही. त्याला म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात गेना भिंतीला टेकून डब्यातलं गाजराचं कोरियन लोणचं खात होता, त्याच्या आजीच्या हातचं, लसणाचा वास काचेपर्यंत. "पोरं विचारत होती," तो म्हणाला, "रेकॉर्ड छापायला कधी जाणार." "स्पीकर नीट झाला की." "स्पीकरला काही झालेलं नाही राउशान. मी तारांची दोन्ही तोंडं अदलाबदल करून पाहिली." "मग तारेला असेल." "तारेला," गेना म्हणाला, "किंवा त्या भुताला."  त्याची पाठ वळल्यावर तिनं रेकॉर्डर यंत्राला जोडला. डावा हात पट्टीवर, उजव्या खांद्यात हेडफोनची एक वाटी दाबलेली, दुसरा कान खोलीसाठी मोकळा. अशीच ती सगळं आयुष्य बसत आली होती. सुरू केलं. खोली आली, आपलं स्वतःचं पलंगावर पडणं, श्वास. मग काहीच नाही. तिला समाधान वाटलं. काही नाही, काही नाही, काही नाही. आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांपुढं, काचेआडचा, आवाज मोजणारा काटा हलला.

तो हलला, खाली आला, पुन्हा उसळला. मग उसळतच राहिला, मोठमोठ्या हेलकाव्यांनी, मधे श्वास घेतल्यासारखा थांबून. असं फक्त रडणं असतं. कोणत्याही वाद्याला असा श्वास नसतो. राउशान बघत राहिली. तार, तिला वाटलं. गेनानं तारेच्या सांध्याला दिलेला डाग. मेले स्वस्तातले हेडफोन. तिनं वाटी खांद्यातून काढली, ठोकली, पुन्हा उजव्या कानाला लावली: लांब कुठं, सात भिंतींपलीकडं, काहीतरी कण्हत होतं. मग तिनं ती डाव्या कानाला लावली आणि तोक्तार तिच्या डोक्यात फुटला. घसा सुकेपर्यंत, हुंदक्याला हुंदका लागलेला, आवाजाच्या कडा फाटलेल्या. तिनं वाटी उजवीकडं नेली. भिंती. डावीकडं. लेकरू. उजवीकडं. हे तिनं किती वेळा केलं कुणास ठाऊक. काटा मात्र दोन्ही वेळा सारखाच हलत होता, त्याला डावंउजवं नव्हतं. जे वाजलं तेच टेपवर आहे. तोमिरिसला दंडाला धरून कुणी सरकवलं, हे आता तिला माहीत होतं. आपला उजवा कान रिकामा राहतोय म्हणून ती रोज थोडं थोडं त्या कानात ओतत राहिली होती, पोरीचा आवाज, पोरांचा बास, आणि तरी तो भरत नव्हता. आणि गल्लीतल्या बायका. आणि तीनदा विचारलेला चहा. कुणी आवाज चोरले नव्हते.

ती थांबवणार होती. पण टेपमध्ये पावलं आली. आपाची, एक पाय किंचित घासत. "राउशान," आपा हाक मारत होती. "राउशान. अगं ए पोरी." मग अगदी जवळून, माईकच्या शेजारी, बाळाला: "हो रे राजा, हो. येते ती. ती लांब नाही गेली, इथंच आहे." राउशान वाट बघत होती, की आता पट्ट्या सुटल्याचा आवाज येईल, आपा त्याला उचलेल, खोलीबाहेर नेईल, रडणं दारापलीकडं जाईल. तसं झालं नाही. पलंग करकरला. उशी सरकली. आपा जोर लावल्यासारखी श्वास घेत म्हणाली, "वळ गं बाई. ह्या कुशीवर. ऐकू येतो तोच कान दाबून झोपतेस तू." पुन्हा करकर. गोधडी ओढल्याचा आवाज. मग बाळाला थोपटणं, हलकं, पाळण्याच्या लाकडावर, रडणं उतरेपर्यंत, हुंदक्यांची कुरकुर होईपर्यंत; आणि मग घासत जाणारी पावलं, आणि दार, तेही अर्धवट लावलेलं. खोलीत कुणी उरलं नाही. मग टेपवर राउशान स्वतःच उठली आणि म्हणाली, "आले रे, आले रे माझ्या सोन्या," आणि तिच्या त्या आवाजात केवढा अभिमान होता.

तिनं माईकची पट्टी खाली ओढली. उशीर झाला होता त्याला. डोळ्यांतलं पाणी तिला कळलं ते गेनानं डबा खाली ठेवला तेव्हा. "काय झालं? कोण मेलं?" "गेना, तोमिरिसची टेप तू नीट कर." "मी?" "हो. मी शेजारी बसेन. मधोमध कुठं आहे ते तू सांगायचं." तो बघत राहिला. तिनं स्वतःच्या उजव्या कानाला बोट लावलं, मग बोट हलवलं, नाही म्हणून, लहान मुलं करतात तसं.  विनोद नाही, भूत नाही. गेनानं खुर्ची उचलली आणि फिरून तिच्या डाव्या बाजूला आणून ठेवली, आणि मग म्हणाला, "डॉक्टर बघू. आतलं हाडूक असतं म्हणे, बाळंतपणात धरतं कधीकधी. माझ्या मावशीचं बदललं त्यांनी." "आणि बिघडलं तर?" "तर अर्ध्या शिव्या ऐकू येतील. तेवढा फायदा."

तिनं बाहेर जिन्यात जाऊन घरी फोन लावला, डाव्या कानाला. "आपा." "काय गं? मोठ्यानं बोल, किती बारीक बोलतेस अलीकडं." "आपा, तुम्हाला कधी कळलं?" पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज. आपानं काय कळलं असं विचारलं नाही. "थंडी पडली तेव्हा," ती म्हणाली. "हाक मारली की तू दुसरीकडंच बघायचीस." "मग बोलला का नाहीत?" "कसं बोलू? बोलले असते तर तू म्हणाली असतीस, म्हातारीला पोर हवंय, म्हणून माझ्यात खोट काढते." राउशान जिन्याच्या कठड्याकडं सरकली. वरून कुणीतरी उतरत होतं, बुटांचा बर्फ झाडत. "हवं होतं का तुम्हाला?" तिनं विचारलं. शांतता. ही शांतता तिला नीट ऐकू आली. "हवं तर आहेच," आपा म्हणाली. "कुणाला नको असतं. गावी सगळे विचारतात, नउरीजला घेऊन ये, इथंच ठेव. रोज विचारतात. मी म्हणते, आई घेऊन येईल त्याला. माझा दाउरेन रडायचा ना, तर त्याला थोपटायला माझ्याआधी सासू पोचायची. मी पोचेपर्यंत तो गप्प झालेला असायचा. एकदा तरी माझ्यासाठी रडू द्यायचा होता." मग लगेच, दुसऱ्याच सुरात, "तू जेवलीस का? याला भूक लागेल आता."

"तो कुठं आहे?" "हा काय, मांडीवर. झोपलाय." "फोन धरा ना जरा त्याच्यापाशी." "झोपलाय म्हटलं, काय ऐकणार?" "धरा तर." सरकल्याचा आवाज, लोकरीचा, मग श्वास आला, छोटा, नाकात दुधाची घरघर असलेला, एक, आणि मग बराच वेळ थांबून दुसरा. राउशाननं जिन्याच्या गार भिंतीला पाठ टेकली. मग फोन कानापासून काढला आणि उजव्या कानाला लावला. काही नव्हतं. घरघर नाही, लोकर नाही, आपा नाही. तिला वाटलं होतं भीती वाटेल; वाटली नाही. तिनं फोन तिथंच धरून ठेवला, दोन्ही हातांनी, बराच वेळ, आणि ती ऐकत राहिली.